तीन म्हणजे पास

कुठलीही वस्तू हातात आली की काका आधी ती उलटी करत. सरळ बाजू बघायची त्यांना घाई नसे. बुडावर उजव्या हाताच्या नखानं तीनदा टकटक करायचे, कान जवळ न्यायचे आणि म्हणायचे, “बघू या, काय म्हणतंय.” वस्तू काहीतरी म्हणायचीच, निदान काकांना तरी ते ऐकू यायचं. मग ती स्टीलची बरणी असो, टॉर्च असो, नाहीतर वाटीतून दिलेली साबुदाण्याची खिचडी असो. खिचडी उलटी करता येत नाही, म्हणून ते वाटी डोक्याच्या वर धरून तिचं बूड बघत आणि मग खात.

मी लग्न होऊन इंदिरानगरच्या आमच्या कॉलनीत आले तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालायची पद्धत. मला वाटलं, वाटी त्यांच्याच घरची आहे का, हे बघतायत. मी घाईघाईनं म्हटलं, “आमचीच आहे हो काका, रुखवतातली.” काका म्हणाले, “ते दिसलं. पण कड नीट घासलेली नाही. ओठाला लागेल.” आणि खिचडी चमच्यानं खाल्ली. मी दिवसभर धुसफुसत होते. संध्याकाळी त्या वाटीनं ताक प्यायले आणि ओठाला लागली.

तुमच्याही गल्लीत असं कोणीतरी असेलच. लग्नाच्या पंगतीत बसताना खुर्ची आधी हलवून बघणारं, रिक्षात बसायच्या आधी तिची चाकं बघणारं. अशा माणसांचा राग येतो आणि नवा गॅस शेगडीला जोडताना पहिली आठवण त्यांचीच येते.

काकांची नोकरी ओझरच्या विमानाच्या कारखान्यात, तपासणी खात्यात गेली. तिथे प्रत्येक तपासनिसाला स्वतःचा शिक्का असायचा. जेमतेम पेन्सिलीच्या टोकाएवढा आणि त्यावर एक नंबर. काकांचा नंबर सत्तेचाळीस. भाग बरोबर असेल तर त्यावर शिक्का आणि हिरवी चिठ्ठी, नसेल तर लाल चिठ्ठी. चिठ्ठीवर कारण लिहायचं आणि खालच्या चौकोनात आपला नंबर. “शिक्का मारला की तो भाग माझा,” काका सांगत. “तो वर गेला की मी पण वर गेलो.” हे सांगताना ते बोटानं छताकडे दाखवत आणि ऐकणाऱ्याची नजर नकळत पंख्याकडे जाई. त्यांच्या घरात पंख्याला लाल चिठ्ठी लटकलेली होती. दोन नंबरवर खडखडतो, असं तिच्यावर लिहिलेलं होतं.

कॉलनीत काही जण त्यांना इन्स्पेक्टर काका म्हणत. त्यावरून एका नव्या भाडेकरूची अशी समजूत झाली की ते पोलीस खात्यातले आहेत. तो बिचारा महिनाभर कोपऱ्यावर दूध आणायलासुद्धा हेल्मेट घालून जात होता.

काका निवृत्त झाले तेव्हा शिक्का जमा करावा लागला. नियमच आहे तो. काकू सांगायच्या, “पेन्शनचे कागद मिळाल्याचा आनंद नाही, शाल-नारळाचा आनंद नाही. घरी आले ते रिकामी मूठ बघत आले.” पुढे कितीतरी दिवस त्यांचा अंगठा आपोआप दाबला जायचा, वर्तमानपत्रावर, उशीवर, गरम पोळीवर. पोळी भाजली की ते तिच्या मधोमध अंगठा दाबत आणि काकू म्हणत, “झाली पास? मग खा आता.”

त्यांना पुन्हा कामाला लावलं ते एका चपलेनं. चप्पल फोनवरून मागवलेली होती. ती आल्यानंतर चार दिवसांनी फोनवर निरोप आला : आपल्या खरेदीबद्दल आम्हाला सांगा. असले निरोप तुम्ही-आम्ही बोटानं बाजूला सारतो. काकांनी तो दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि काकूंना म्हणाले, “आपल्याला विचारलंय. उत्तर द्यायला पाहिजे.”

मग पंधरा दिवस त्यांनी ती चप्पल वापरली. दर रविवारी ते पांडवलेणीचा डोंगर चढत, त्या दोन रविवारी चपलेसह चढले. नंतर कागदावर कच्चा मसुदा करून, तो काकूंना वाचून दाखवून, मग फोनवर एकेक अक्षर शोधत लिहिलं :

‘चप्पल दोनदा पांडवलेणी चढली व उतरली. उजव्या पायाची किंचित मोठी. पावसात पाहिलेली नाही, त्यामुळे त्याबद्दल बोलत नाही. तीन. – ४७’

तिथून ते सुरू झाले. आपण ज्याला रिव्ह्यू म्हणतो त्याला काका ‘शेरा’ म्हणत. घरात आलेल्या प्रत्येक वस्तूला शेरा. मिक्सर : ‘चटणी बारीक होते. चटणी केल्याचे शेजाऱ्यांनाही कळते. तीन.’ छत्री : ‘वाऱ्यात दोनदा उलटी झाली, दोन्ही वेळा सुलटी करता आली. तीन.’ एकदा त्यांनी बुद्धाची मूर्ती मागवली. शेरा : ‘चेहरा शांत. बैठक डुगडुगते. खाली पुठ्ठा घातला. तीन.’

हे वाचून सानपवहिनी त्यांच्या दारात गेल्या. सानपवहिनी म्हणजे आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपच्या अॅडमिन, आणि ग्रुपच्या बाहेरही अॅडमिनच. म्हणाल्या, “काका, बुद्धालासुद्धा तीनच स्टार?”

“बुद्धाला नाही हो,” काका म्हणाले. “बैठकीला.”

काकांच्या लेखी एक स्टार म्हणजे नापास, दोन म्हणजे दुरुस्त करून आणा आणि तीन म्हणजे पास. चार आणि पाच कशाला ठेवलेत, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. “भाग बसतो, नाहीतर बसत नाही,” ते म्हणत. “फार सुंदर बसला, असं काही नसतं.”

पण याच सानपवहिनींनी पुढे एक नॉनस्टिक तवा घेतला. हजारो लोकांनी पाच-पाच स्टार दिलेले बघून घेतला होता. महिन्याभरात त्याचा काळा लेप धिरड्याबरोबर पोटात जायला लागला. वहिनी तवा घेऊन काकांकडे आल्या. काकांनी तवा उलटा केला, टकटक केलं आणि फोन मागितला. खुर्ची ओढून, एकेक करत, त्या तव्याखालचे शेरे वाचत बसले. चहा झाला, दुसरा चहा झाला. मग मान वर करून म्हणाले, “अकरा बायकांनी लिहिलंय, माझ्या सासूबाईंना तवा फार आवडला. शब्दाला शब्द तोच. वहिनी, अकरा जणींना मिळून एकच सासू आहे!”

“असू दे की,” वहिनी म्हणाल्या. “कामं वाटली जातील.”

“वापरलंय का पण यांनी?” काका म्हणाले. हे त्यांचं नेहमीचं वाक्य. कोणी काहीही छान म्हटलं की ते विचारत, “वापरलंय का यानं?” सिनेमा, डॉक्टर, नगरसेवक, सगळ्यांना हाच प्रश्न.

तव्यानंतर कॉलनीत एक नवीन रीत पडली. काही मागवायचं झालं की बायका आधी विचारत, “काकांनी घेतलंय का?” काकांनी घेतलेलं असलं की निम्मं काम झालं. त्यांनी खोट दाखवलेली असली तरी लोक घेत. मिक्सरचा आवाज होतो हे माहीत असलं की दुपारी एकच्या आधी चटणी वाटायची, एवढंच. माझ्या नवऱ्यानं तर छत्री उलटी होणार म्हणून शेऱ्यातल्या पद्धतीनं सुलटी करायचा सराव घरातच करून ठेवला होता.

आता माझी गोष्ट. मी ज्या बालवाडीत शिकवत होते ती बंद पडली. घरात बसून मी भिंतींना गाणी शिकवायला लागले असते, इतक्यात माझ्या सासूबाई म्हणाल्या, “आपला काळा मसाला विकत का नाहीस?” मसाला त्यांच्या हातचा आणि खरंच चांगला. धने, सुकं खोबरं, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजून, घाई न करता केलेला. मी ठरवलं, करायचं. पाकिटं छापली, नाव ठेवलं ‘सासूबाईंचा डबा’ आणि खरेदीच्या एका मोठ्या साइटवर तो विकायला ठेवला. नवऱ्याला म्हटलं, “दिवाळीपर्यंत चालला तर चालला. नाही चालला तर मी गपचूप कुठेतरी नोकरी शोधते, परत हा विषय काढणार नाही.” तो ‘बरं’ म्हणाला. ते ‘बरं’ मला अजून ऐकू येतं. त्यात थोडी दया होती आणि मला ती नको होती. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझं म्हणून उभं राहत होतं.

साइटवर उभं राहायचं तर स्टार पाहिजेत, हे मला सगळ्यांनी सांगितलं. नवीन मसाला, ओळख ना पाळख, लोक कशावर विश्वास ठेवणार? सानपवहिनींनी ते काम हातात घेतलं. ग्रुपवर हुकूम सुटला : ‘आपल्या वैशालीचा मसाला सगळ्यांनी मागवा आणि पाच स्टार द्या. आजच्या आज.’ कॉलनीनं मान राखला. पाकिटं पोचली त्याच संध्याकाळी पाच-पाच स्टारचा पाऊस पडला. ‘एक नंबर’, ‘अप्रतिम’, ‘असा मसाला होणे नाही’. एका काकूंनी दुसरीकडचा मजकूर उचलून टाकला असावा, कारण त्यांनी लिहिलं होतं, ‘कापड छान, धुतल्यावर रंग गेला नाही.’ मी हसले, पण तेही चालेल म्हटलं. स्टार पाचच होते ना.

काकांनीही एक पाकीट रीतसर मागवलं होतं. पत्त्यावर त्यांचं नाव बघून मी ढिगातलं सगळ्यात भरलेलं, सगळ्यात नीट चिकटवलेलं पाकीट निवडून त्यांना पाठवलं. त्यांचा शेरा बारा दिवसांनी आला.

‘मसाला घरचा आहे, हे खरे. भाजणी उत्तम. मीठ किंचित जास्त. पाकिटावर “इथे फाडा” लिहिले आहे तिथे ते फाटत नाही, शेजारी फाटते. पुन्हा घेऊ. तीन. – ४७’

मी तशीच त्यांच्या घरी गेले. पीठ लागलेल्या हातांनी. काका मला बघून उठले, म्हणाले, “ये वैशाली. पास केला बरं का मसाला.”

“काका, तुम्ही मला तीन दिलेत!”

“हो. पास.”

“लोकांच्या दृष्टीनं तीन म्हणजे नापास आहे काका! सगळ्या कॉलनीनं पाच दिले आणि तुम्ही...”

“कॉलनीनं खाल्लाय का?” त्यांनी अगदी शांतपणे विचारलं. “त्याच संध्याकाळी दिले त्यांनी. भाजीसुद्धा झाली नसेल तोवर.”

ते खरं होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी म्हणाले, “हा तुमचा कारखाना नाही. आणि मी काही विमान बनवत नाहीये.” काकांचा अंगठा तेवढा खुर्चीच्या हातावर दाबला गेला. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी परत फिरले आणि नंतर कितीतरी दिवस त्यांच्या घरावरून जाताना मान दुसरीकडे करून गेले. आज ते आठवलं की मला माझी लाज वाटते.

मग एका सकाळी साइट उघडली. कॉलनीचे सगळे पाच-पाच स्टार गायब. एकाच दिवशी, एकाच भागातून, एवढे सगळे आलेले बघून साइटवाल्यांना संशय आला होता आणि त्यांनी ते खरवडून टाकले होते. ‘कापड छान’सुद्धा गेलं. ‘सासूबाईंचा डबा’ या नावाखाली आता एकच शेरा उरला होता. मीठ किंचित जास्त. पाकीट शेजारी फाटते. तीन. – ४७.

दिवाळी तोंडावर आली होती. आठवडाभर एक ऑर्डर नाही. भाजलेल्या धन्यांचा वास घरभर आणि घेणारं कोणी नाही. नवरा काही म्हणत नव्हता. त्यानं काही म्हणावं म्हणून मी वाट बघत होते, म्हणजे भांडता आलं असतं.

आणि मग सांगलीहून एक पाकीट मागवलं गेलं. त्या बाईंनी खाऊन, दम धरून, आपला शेरा लिहिला : ‘तो ४७ नंबरचा माणूस वाचून घेतला. बाकी ठिकाणी नुसतं छान छान असतं, कोणी खाल्लंय असं वाटतच नाही. यानं खाल्लेला दिसतो. मीठ मी भाजीत कमी घातलं आणि कात्री माझ्याकडे आहे. मसाला चांगला.’ मग साताऱ्याहून कोणी मागवला, मग जळगावहून, मग घोटीहून कोणा सिंधूबाईंनी. जो तो काकांचा आधार देऊन लिहीत होता. पाकीट खरंच शेजारी फाटतं, असं एकानं आनंदानं कळवलं होतं, जणू त्याला पत्ता बरोबर सापडला होता. दिवाळीच्या आठवड्यात मला धने दुसऱ्यांदा आणावे लागले.

मी एक पाकीट घेऊन काकांकडे गेले. माफी मागायची होती, पण ती शब्दांत मागता येईना, म्हणून पाकीट पुढे केलं. काकांनी हात मागे घेतला.

“नाही,” ते म्हणाले. “करणाऱ्यानं दिलेला नमुना तपासायचा नसतो. तपासणाऱ्यानं ढिगातून आपण उचलायचा. मागच्या वेळी माझं नाव बघून तू निवडून दिलंस. हो की नाही?”

मी खाली बघितलं.

“तरी मीठ जास्तच निघालं,” काका म्हणाले, आणि हसले. काकूंनी चहा टाकला. झालं, एवढ्यावर मिटलं. अशा माणसांशी भांडण करायला फार दिवस लागतात आणि मिटवायला एक कप पुरतो.

पुढं मी मीठ कमी केलं. पाकिटं बदलली. वर्षभरानं काकांनी आपल्या शेऱ्याखाली भर घातलेली दिसली : ‘पाकीट आता लिहिलेल्या जागी फाटते. मीठ बरोबर. तीन.’ मी उड्या मारत गेले. “काका, सगळं सुधारलं, मग निदान चार तरी!”

“पास झालेल्याला परत पास कसं करायचं?” काका म्हणाले.

मसाला मी दर महिन्याला ताजा करते. साधारण त्याच सुमारास काका महिन्यातून एकदा घोटीला जात. तिथे काकूंची धाकटी बहीण राहायची, तिच्याकडून तांदूळ आणायला. एसटीनं जात, पिशवी घेऊन परत येत. कॉलनीत थट्टा चाले की घरात माणसं दोन आणि तांदूळ खातात लग्नघराएवढा. मी एकदा त्यांना सांगितलंही, “काका, तुमच्या घोटीत माझं एक पक्कं गिऱ्हाईक आहे. दर महिन्याला न चुकता मागवतात.” काका म्हणाले, “असेल. घोटी मोठं गाव आहे.”

एकदा मात्र घोटीहून आल्यावर ते थेट माझ्या दारात उभे राहिले. पिशवी हातातच. “या वेळचं खोबरं कुठून आणलंस?” मी म्हटलं, नेहमीच्याच दुकानातून. “बघ जरा,” म्हणाले आणि गेले. मी डब्यातल्या खोबऱ्याचा तुकडा चावला, तर खवट. नाकानं कळत नव्हतं, जिभेला मागाहून कळत होतं. मी उरलेला सगळा मसाला फेकून दिला आणि ज्यांना गेला होता त्यांना कळवून पुन्हा पाठवला. काकांना विचारलं, तुम्हाला कसं समजलं? म्हणाले, “वाऱ्यावर वास आला.” त्यांचं घर माझ्या घराच्या पुढं चार दारं. मला वास आला नव्हता, पण काकांचं नाक म्हणून मी विश्वास ठेवला. साइटवर मात्र त्यांनी यातलं एक अक्षर लिहिलं नाही. मला त्याचं आश्चर्य वाटलं तेव्हा काकू म्हणाल्या, “लाल चिठ्ठी कारागिराच्या हातात द्यायची असते गं. गावाला दाखवायची नसते. ओझरला असेच होते ते.”

या वर्षी उन्हाळा सरता सरता काका आजारी पडले. एका सकाळी छातीत दुखलं आणि दवाखान्यात न्यावं लागलं. मी डबा घेऊन जायचे. तिथेही त्यांनी पलंगाच्या कडेला टकटक करून ठेवलं होतं. सलाईनचा स्टँड हलतो, असं त्यांनी नर्सबाईंना सांगितलं. नर्सबाई म्हणाल्या, “आजोबा, पडून राहा, तुम्ही बरे होण्याकडे लक्ष द्या.” काका म्हणाले, “मी बरा होईन. पण माझ्यानंतर ज्याला हा मिळेल त्याच्या अंगावर पडेल.” दुसऱ्या दिवशी मी गेले तर स्टँडच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी होती. कोणी घातली, विचारलं नाही. मूर्तीच्या बैठकीखालचीच घडी, हुबेहूब.

पाचव्या दिवशी ते गेले. मी तेव्हा घरी मसाला भाजत होते. खरं तर दवाखान्याच्या दोन फेऱ्यांमध्ये भाजत होते, लक्ष सगळं फोनकडे. फोन आला, गॅस बंद केला, आणि मी ओट्याला धरून रडले. सासरे गेले तेव्हाही मी इतकी रडले नव्हते. वडीलधारं माणूस गेलं की घर रिकामं वाटतं. मला वाटलं, आता मला खरं कोण सांगणार?

दोन दिवसांनी तोच मसाला पाकिटांत भरला आणि ज्यांनी मागवला होता त्यांना पाठवून दिला. कामाला हात लागले की बरं वाटतं म्हणून.

काकांच्या नावानं वंदना घेऊन पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, तेव्हा काकूंनी मला थांबवून घेतलं. त्यांची घोटीची बहीण शेजारी बसली होती. तिनं पिशवीतून एक पार्सल काढून माझ्यासमोर ठेवलं. वरचा पत्ता माझ्याच हातचा. सिंधूबाई, घोटी.

“तुम्ही सिंधूबाई?” मी विचारलं.

“हाव. मीच ती,” त्या म्हणाल्या. “मागवायचे दाजी, नाव माझं. म्हनायचे, पोरीनं माझं नाव वाचलं की चांगलं बघून पाठवती. पार्सल आलं की मी फोन करायचे, मंग दाजी एसटीनं यायचे. नुसत्या भातावर मसाला टाकून खायचे. लय येळ चावायचे. मी म्हनायचे, दाजी, भाजी वाढू का? तर हात वर करायचे, बोलू नको म्हनून.”

तोवर काकूंनी पलंगाखालची पेटी ओढली. पेटीत माझी पाकिटं होती, एकेक घडी करून, महिन्यांच्या क्रमानं. प्रत्येकाला दोरीनं हिरवी चिठ्ठी बांधलेली. ‘पास’, आणि खालच्या चौकोनात ४७. मध्येच एक लाल. ‘खोबरे खवट. कारागिरास सांगितले.’ आणि खाली ४७. तांदूळ कधी आणले असतील की नाही, कोण जाणे.

“हे आठ दिवसांमागं आलं,” सिंधूबाई पार्सलकडे बोट दाखवून म्हणाल्या. “त्यांनी दवाखान्यात जायच्या आधीच मागवून ठेवलं हुतं. आता कोन बघनार? म्हनून घेऊन आले.”

“तूच बघ,” काकू म्हणाल्या.

मी पार्सल फोडलं. पाकीट बाहेर काढलं, उलटं केलं, बुडावर नखानं तीनदा टकटक केलं आणि कान जवळ नेला. मला काही ऐकू आलं नाही. ‘इथे फाडा’ लिहिलं होतं तिथे ते सरळ फाटलं. काकूंनी स्वयंपाकघरातून थोडा भात आणला. त्यावर मसाला घातला, एक घास त्यांनी घेतला, एक सिंधूबाईंनी, एक मी.

“छान आहे की गं,” काकू म्हणाल्या.

“लय भारी,” सिंधूबाई म्हणाल्या.

मी चावत राहिले. फोन आला त्या दिवशीचा मसाला होता तो. धने कच्चे लागत होते. मीठ अंदाजानं पडलं होतं आणि कमी पडलं होतं. मी दोघींकडे बघितलं. दोघी माझ्याकडे मायेनं बघत होत्या.

“काकू,” मी म्हटलं, “लाल चिठ्ठ्या कुठं ठेवल्यात?”

काकू उठल्या आणि फळीवरून चिठ्ठ्यांचा गठ्ठा आणि काकांचं पेन घेऊन आल्या. मी लिहिलं : धने कच्चे. मीठ कमी. कारागिरास सांगितले. मग चिठ्ठी पाकिटाला दोरीनं बांधली आणि पाकीट पेटीत सगळ्यांच्या शेवटी ठेवलं. खालचा नंबराचा चौकोन मी रिकामा सोडला.